अर्धा वाटा, अर्धा कर: अर्थमंत्र्यांना सावंतवाडीहून खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार,
आणि मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

विषय: पती-पत्नी आणि जोडीदारांना आयकर विवरणपत्र भरताना मिळकत वाटून दाखवण्याचा पर्याय मिळावा

महोदया,

१ एप्रिल २०२६ पासून देशात नवा आयकर कायदा लागू झाला. जुन्या कायद्यातली ८१९ कलमं ५३६ वर आली. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ हा वर्षानुवर्षांचा घोळ मिटून एकच ‘कर वर्ष’ आलं. भाषा सुटसुटीत झाली, ते चांगलंच झालं. पण १९६१ नंतर इतक्या वर्षांनी कायदा मुळापासून लिहायला घेतला, तेव्हा एका प्रश्नाकडे कुणी पाहिलंच नाही. नवरा-बायकोने मिळून चालवलेल्या संसाराची मिळकत कर लावताना कुणाची धरायची? उत्तर जुनंच राहिलं. ज्याच्या पॅनवर दुकान, त्याची. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

आमचं सावंतवाडीत हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. मालक म्हणून नाव यजमानांचं. लग्न होऊन आले तेव्हापासून दुकानात मीही बसते. चतुर्थी तोंडावर आली की आसपासच्या गावांतून माणसं घराचा रंग न्यायला येतात, शेडकार्डावर बोट ठेवून ‘ह्योच व्हयो’ म्हणतात. बेसचा डबा मशीनखाली लावणं, कोड टाकणं, डबा हलवून झाल्यावर आतल्या रंगाचा एक ठिपका झाकणावर देणं, हे काम माझं. पत्रे, खिळे, पाइप यांचे पुरवठादार माझ्याशी बोलतात. उधारीची वही माझ्याकडे. जीएसटीची ११ आणि २० तारीख मी सांभाळते. यजमान खरेदीला बेळगाव-कोल्हापूरला जातात तेव्हा शटर मीच उघडते आणि मीच पाडते. माझ्या पॅनवर मात्र बचत खात्याच्या व्याजापलीकडे काही नाही. कर खात्याच्या लेखी मी कमावत नाही.

माझी ताई म्हापशाला दिली. बांदा सोडलं, पत्रादेवीचा नाका ओलांडला की तासाभरात तिच्या दारात. भावोजींचंही दुकान आहे, तीही दुकानात बसते, दोघींची कामं जवळजवळ सारखीच. फरक एवढाच की गोव्यातला विवाह पोर्तुगीज नागरी संहितेखाली येतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. आयकर कायद्याने हा हक्क मान्य केलेला आहे. १९६१ च्या कायद्यात १९९४ साली कलम ५अ आलं आणि ते १९६३ पासून लागू धरलं गेलं. त्यानुसार गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीत ज्यांना ही पद्धत लागू आहे, त्या जोडप्यांची पगार सोडून बाकी सगळी मिळकत, म्हणजे धंद्याचा नफा, घरभाडं, व्याज, भांडवली नफा, दोघांत सारखी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या विवरणपत्रात निम्मी येते. नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

आता हिशेब पाहा. दोन्ही दुकानांचा वर्षाचा निव्वळ नफा २० लाख धरू. आकडा आमचा नव्हे, समजायला सोपा म्हणून घेतला आहे. आपण २०२५ च्या अर्थसंकल्पात दिलेल्या दरांनी म्हापशाच्या दुकानाचे १० लाख ताईच्या नावे, १० लाख भावोजींच्या नावे. दोघांचंही उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणून रिबेट मिळून कर शून्य. सावंतवाडीच्या दुकानाचे २० लाख एकट्या यजमानांच्या नावे. कर २ लाख, वर ४ टक्के उपकर ८ हजार. एकूण २ लाख ८ हजार रुपये. दोन्हीकडे नफा तेवढाच, घरातली माणसंही तेवढीच, आणि दोन्हीकडे बाई दुकानात उभी. मधे राज्याची हद्द आहे, बाकी फरक नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग गोव्याची सवलत काढून टाका म्हणजे सगळे सारखे. मी हे पत्र त्यासाठी मुळीच लिहीत नाही. ताईला जे मिळतं ती सवलत नाहीच. तिथे निम्मी मिळकत खरोखर तिची आहे आणि कर त्या मालकीच्या मागून जातो. ते तिच्याकडून काढून घेऊ नका. ते आम्हालाही मिळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आमच्या तक्रारी मांडते.

सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट आहे क्लबिंगची, म्हणजे एकाचं उत्पन्न दुसऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्याची. यजमानांनी मला दुकानातून महिन्याला पगार दिला, तर कायदा तो माझा मानत नाही, तो त्यांच्याच उत्पन्नात मिळवला जातो. सुटका एकाच वाटेने आहे. माझ्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि पगार निव्वळ त्या ज्ञानामुळे व अनुभवामुळे मिळालेला असावा. डॉक्टर नवऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर बायको बसली तर तिचा पगार तिचा. मी कॉमर्सची पदवीधर आहे, पण गिऱ्हाइकाला पत्रा मोजून देणं, थकलेली उधारी गोडीने वसूल करणं, कुठल्या भिंतीला कुठला प्रायमर लागेल हे सांगणं, याचं प्रमाणपत्र कोण देतं? उद्या माझ्या जागी एखादी मुलगी कामाला ठेवली, तर तिचा पगार दुकानाचा खर्च म्हणून वजा होईल आणि तिचं उत्पन्न म्हणून गणला जाईल. काम तेच. मी बायको आहे एवढ्यावरून माझ्या कामाचे पैसे माझे उरत नाहीत.

‘मग भागीदारी करा,’ असा सल्ला आम्हाला मिळतो. आम्ही त्याचाही विचार केला. भागीदारी संस्थेला भागीदारांचा मोबदला ठरलेल्या मर्यादेपर्यंत वजा करता येतो, पण उरलेल्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर. शिवाय नवं करारपत्र, नवा जीएसटी क्रमांक, दुकानाचा परवाना, बँकेचं कॅश क्रेडिट, सगळं पुन्हा. आणि यजमानांनी दिलेलं भांडवल मी माझं म्हणून घातलं तर त्या भांडवलावर मिळणाऱ्या व्याजाला पुन्हा क्लबिंग आहेच. जे मोठे आहेत, ज्यांच्या दिमतीला सीए आहे, ते रस्ता काढतात. तालुक्याच्या गावातला दुकानदार काढू शकत नाही.

भेटीबद्दलही असंच. नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या देण्यावर कर नाही, इथपर्यंत ठीक. पण त्या पैशांची ठेव ठेवली की व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात. लग्नानंतर त्याने हौसेने करून दिलेल्या बांगड्या बायकोने अडचणीत मोडल्या, तर झालेला भांडवली नफा त्याचा. दिलेल्या वस्तूच्या विक्रीतला नफाही देणाऱ्याच्याच खात्यात मिळवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितलं, तेव्हापासून ते पक्कं आहे. म्हणजे बांगडी तिच्या हातात, ती मोडायचा निर्णय तिचा, पण कर खात्याच्या दृष्टीने बांगडी अजून त्याचीच.

आणि सुनेचं कलम तर वाचून मला खरोखर वाईट वाटलं. सासू-सासऱ्यांनी सुनेला मोबदल्याशिवाय काही दिलं तर त्यातून येणारं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं. जावयाला दिलं तर नाही. सज्ञान मुलाला दिलं तर नाही, मुलीला दिलं तर नाही. फक्त सून. २०२५ साली कायदा नव्याने लिहिताना हा भेद कुणाला खटकू नये?

पगारदारांची तक्रार वेगळी आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. नवरा-बायको दोघेही वर्षाला पावणेतेरा-पावणेतेरा लाख कमावतात, घरात साडेपंचवीस लाख येतात. ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि रिबेट धरून त्यांना कर नाही. शेजारच्या घरात एकटा नवरा तेवढेच साडेपंचवीस लाख मिळवतो, बायकोने अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी नोकरी सोडली आहे. त्या घराला ३ लाख ३५ हजार ४०० रुपये कर. ज्या घराला नर्स ठेवायची गरज आहे, औषधांचा खर्च आहे, तेच घर कर जास्त भरतं. ही बाई रिकामी बसलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या खटल्यात गृहिणीच्या घरकामाचं मोल ठरवून भरपाई दिली पाहिजे असं पुन्हा ठामपणे सांगितलं. गृहिणी गेल्यावर तिच्या कामाची किंमत कायदा मोजतो. ती हयात असताना, सासूची कूस बदलत असताना, तिच्या घराचा कर आकारताना ती का मोजू नये?

हिंदू अविभक्त कुटुंबाची सोय आहे, असं उत्तर येईल. ती सोय हिंदू, जैन, शीख, बौद्ध कुटुंबांना आहे. आमच्याच गल्लीतल्या मुसलमान किंवा ख्रिस्ती दुकानदाराला नाही. आणि ज्यांना आहे त्यांनाही स्वतःच्या कष्टाची कमाई त्या कुटुंबाच्या नावे दाखवता येत नाही, टाकली तर तीही क्लब होते. वडिलोपार्जित मालमत्ता असणाऱ्यांचा तो मार्ग आहे. त्यातून बायकोचा हक्क उभा राहत नाही.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण त्यांना दोन्हीकडून मार आहे. नवऱ्याने बायकोला कितीही दिलं तरी ती भेट करमुक्त, कारण कायद्याच्या व्याख्येत ती ‘नातेवाईक’. सोबत राहणाऱ्या जोडीदाराने वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त दिलं तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न. एक आजारी पडला, दुसऱ्याने उपचाराला म्हणून त्याच्या खात्यात पैसे भरले, तरी खातं विचारू शकतं. समलिंगी जोडप्यांना तर लग्नाचा मार्गच बंद आहे. ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता दिली नाही, तो विषय संसदेवर सोडला. भेटीच्या याच तरतुदीला २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. ज्यांनी आपलं आयुष्य एकमेकांच्या भरवशावर बांधलं आहे, त्यांनी एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्टात का जावं?

महोदया, या मागणीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरली की कमी कमावणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक घरांत बाईचा, पहिला रुपयाच वरच्या दराने कापला जातो. मग घरात हिशेब होतो की तिने नोकरी केली काय आणि नाही केली काय, हातात पडतं ते थोडंच. जिथे संयुक्त कर आहे त्या देशांत हा वाद अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये तर १९९० पर्यंत बायकोचं उत्पन्न नवऱ्याचं म्हणूनच धरलं जात होतं. ते आपल्याकडे येऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून सक्तीचं संयुक्त विवरणपत्र मी मागत नाही. आजची वेगवेगळं भरण्याची पद्धत हाच नियम राहू दे. वाटून घेण्याचा पर्याय मात्र खुला असावा, दरवर्षी नव्याने निवडायचा, दोघांच्या सहीने. दोघंही सारखं कमावतात त्यांना तो लागणारच नाही. बाई नव्याने नोकरीला लागली आणि वेगळं भरणं फायद्याचं असेल, तर तिने त्या वर्षी वेगळं भरावं.

आणि नुसता आकडा वाटून नवऱ्याचा कर वाचवायचा, एवढ्यासाठी बायकोची सही वापरली जाणार असेल, तर मला तो पर्याय नको. गोव्याची गोष्ट मला पटते ती यासाठी की तिथे निम्मं उत्पन्न कागदावर वाटण्याआधी हक्काने वाटलेलं असतं. आपल्याकडेही तसंच व्हावं. जे जोडपं हा पर्याय घेईल, त्यांच्यात वाटलेली निम्मी मिळकत दुसऱ्याच्या स्वतःच्या खात्यात जमा झाली पाहिजे, ती कायमची तिची राहिली पाहिजे, आणि उद्या घटस्फोट झाला तरी परत मागता येता कामा नये. कर वाचवायचा असेल तर हक्क द्यावा लागेल, ही अट घाला. मला वाटतं, कित्येक घरांत बाईच्या नावावर पहिल्यांदा खरा पैसा येईल तो या अटीमुळे.

अमेरिकेत हाच पेच शंभर वर्षांपूर्वी पडला होता. तिथल्या काही राज्यांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाई, बाकी राज्यांत नाही. १९३० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याच्या खटल्यात ठरवलं की सामाईक मालमत्तेच्या राज्यातल्या जोडप्याने मिळकत निम्मी-निम्मी दाखवावी. मग शेजारच्या राज्यांतले लोक विचारू लागले, आम्ही काय पाप केलं? काही राज्यांनी घाईने आपले मालमत्तेचे कायदेच बदलून टाकले. शेवटी १९४८ साली तिथल्या संसदेने सगळ्याच जोडप्यांना संयुक्त विवरणपत्रात मिळकत निम्मी-निम्मी धरून कर भरण्याचा पर्याय दिला, आणि वेगळं भरण्याचीही मुभा ठेवली. आज न्यू जर्सीत राहणारी आमची मराठी मंडळी दरवर्षी एप्रिलमध्ये बसून दोन्ही हिशेब करून पाहतात. म्हापसा आणि सावंतवाडी यांच्यात आज जे आहे, तेच तिथे १९३० ते १९४८ होतं.

हे आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहितांची करमुक्त मर्यादा २,००० रुपये आणि अविवाहितांची १,००० रुपये ठेवली होती. बायकांना वेगळी, वाढीव मर्यादा तर २०११-१२ पर्यंत होती. तेव्हा कर लावताना घर पाहायचंच नसतं, हा काही आपला जुना नियम नव्हे. आणि भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी दिलेल्या निवेदनात विवाहितांना संयुक्त विवरणपत्राचा पर्याय सुचवला होता. दुकानात बसणाऱ्या बाईने मनाने काढलेली ही कल्पना नाही.

तिजोरीवर भार पडेल, हे खरं. तो किती पडेल हे आपल्या मंत्रालयाला काढता येतं. पॅन आणि आधार जोडलेले आहेत, विवरणपत्रं आपल्याकडे आहेत. फार मोठ्या कमाईवाल्यांनी याचा लाभ घेऊ नये असं वाटत असेल, तर वर मर्यादा घाला. वर्षाला ५० लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या घरांना हा पर्याय नसला तरी माझी हरकत नाही. मधल्या घरांना मिळू द्या.

आमच्या मागण्या अशा:

पुढच्या अर्थसंकल्पात देशभरातल्या विवाहित जोडप्यांना मिळकत निम्मी-निम्मी वाटून विवरणपत्र भरण्याचा ऐच्छिक पर्याय द्यावा. तो दरवर्षी निवडता यावा, दोघांच्याही संमतीशिवाय चालू नये, आणि वाटलेला हिस्सा जोडीदाराच्या स्वतःच्या खात्यात व मालकीत जावा. अशा हिश्श्याला क्लबिंग लागू नसावं.

हा पर्याय येवो न येवो, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या जोडीदाराला बाजारभावाने दिलेला पगार त्या जोडीदाराचाच धरावा. पदवीची अट काढावी. हजेरी, बँकेतून दिलेला पगार, कामाचं स्वरूप, जो पुरावा हवा तो मागा, आम्ही देऊ.

सुनेला दिलेल्या भेटीवरचं क्लबिंग रद्द करावं.

एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना, समलिंगी जोडप्यांसह, भेटीच्या तरतुदीपुरतं ‘नातेवाईक’ मानावं. त्यासाठी दोघांचं शपथपत्र घ्यावं, फार तर एकत्र राहण्याच्या काळाची अट घालावी.

गोव्याची तरतूद आहे तशी ठेवावी, पण तिथल्या जोडप्यांचा त्रास कमी करावा. मिळकत वाटायची असल्यामुळे त्यांना साधा आयटीआर-१ वापरता येत नाही. बचतीचं थोडं व्याज असलेल्या निवृत्त शिक्षिकेलाही मोठा फॉर्म घेऊन त्यातला वाटणीचा तक्ता, शेड्यूल ५ए, भरावा लागतो आणि टीडीएसही वाटून दाखवावा लागतो. हे पोर्टलवर आपोआप का होऊ नये?

शेवटचं, या पर्यायाचा तिजोरीवर किती भार पडेल, किती घरांना लाभ होईल आणि बायकांच्या नोकरीवर काय परिणाम होईल, याचा अंदाज मंत्रालयाने काढून लोकांपुढे ठेवावा आणि हरकती-सूचना मागवाव्यात. नकार द्यायचा असेल तरी तो आकड्यांसह द्यावा.

या पत्राची प्रत आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना आणि सिंधुदुर्गातल्या व्यापारी संघटनांना देत आहे. दुकानात, शेतात, खाणावळीत, काजूच्या कारखान्यात नवऱ्याच्या बरोबरीने राबणाऱ्या ज्या बायकांना हे पटेल, त्यांनी आपल्या नावाने असंच पत्र लिहावं. अर्थसंकल्पाची तयारी सुरू होण्याआधी आपल्याकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली,
एक दुकानदार
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग